मान दुखते का?

रुवीत, घड्याळाच्या चौकापासून तिसऱ्या गल्लीत
मी उश्या विकतो.
छातीवर बिल्ला आहे: आरो.
आरोंदेकर त्यात मावला नाही.

कुरियाकोस साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं:
गिऱ्हाईक 'हवी' म्हणालं तर उद्या येतो म्हणून जातं,
'लागते' म्हणालं की पाकीट काढतं.
दारापासून गल्ल्यापर्यंत सोळा पावलं आहेत,
तेवढ्यात काय ते करा.

साहेब कोट्टयमचे, बोलत होते हिंदीतून.
मी मनात मराठीत उतरवून घेत होतो
आणि माझीच भाषा मला हसत होती:
'पाहिजे'च्या पोटात आधीच 'पाहणं' बसलेलं,
'हवी'त बरीचशी हवा,
आणि लागणं म्हणजे तर
झोप लागते, ठेच लागते,
दृष्ट लागते, नाद लागतो,
दवाखान्यात नंबर लागतो.

खलफानच्या नातवाचा नंबर लागायचा होता.
बाहेर सेहेचाळीस अंश,
म्हणून तो आमच्या एसीत आला.
कुरियातचा होडीवाला.
त्याची हिंदी मुत्रहच्या मासळीबाजारातली,
माझी अरबी बिलापुरती.
बसू? म्हणाला. बसा म्हणालो.
बसलेल्याला विचारायचंच, हा नियम.

झोप कशी लागते, बाबा?

तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"येते. कधी येते
ते बघायला मी जागा नसतो."
आणि उशी?
त्याने दंड दाखवला, वाळलेला, काळा.
मी हसलो. खरंच हसलो.
तरी चौथा प्रश्न तोंडातून गेलाच,
पाठच होता तो:
सकाळी मान दुखते का?

त्याचा हात मागे गेला.
एवढंच.
सदुसष्ट वर्षं डोकं आणि खांदे यांच्यामध्ये
काही आहे याची त्याला खबर नव्हती.
मी विचारलं
आणि तिथे मान आली.

आठव्या दिवशी एकटाच आला,
ना नातू, ना दवाखाना.
"दुखते," म्हणाला,
हरवलेली किल्ली सापडल्यासारखं.
चौदा रियाल नऊशे बैसा.
सुटे शंभर बैसा घ्यायला थांबला नाही,
उशी काखेत मारून गेला,
मोठा मासा न्यावा तशी.
मला त्यातले सातशे मिळाले,
आणि फळ्यावर माझ्या नावापुढे एक रेघ.

महिन्याने परत. हात रिकामे.
उशी नातवाला आवडली म्हणे,
तो तिच्यावर बसून मोबाईल बघतो.
"ती राहू दे. दुसरं परत घे."
दुसरं काय?
त्याने मानेकडे बोट केलं.
"हे माझ्याकडे नव्हतं. तू दिलंस."

मी पावती उलटून पाहिली, काहीतरी करायला हवं म्हणून.
चौदा दिवसांच्या आत, वेष्टन न फोडलेलं.
बाकी काही लिहिलेलं नव्हतं.
साहेब गोदामात होते.
मी समोरून करक चहा मागवला, दोन कप,
तो फुंकर घालत प्यायला,
आणि शेवटचा घोट घेताना
डोकं मागे न टाकता
अख्खा कमरेतून कलला.
शिकला होता.

दारसेतच्या खोलीत आम्ही सहा खाटा.
माझ्या डोक्याखाली घडी केलेला टॉवेल,
नऊ वर्षं झाली,
कधी काही वाटलं नव्हतं.
दिवा घालवल्यावर पलीकडून सोलकरने विचारलं,
झोप लागली काय रे?
सहजच. त्याला काही विकायचं नव्हतं.

मी नाही म्हणण्याआधीच
माझा हात मागे गेला होता.