पाकळी पडली नाही

मंगळवार-शुक्रवार मी कुडाळात मशीनला टेकलेला असतो,
बाकीचे दिवस सातेरीला.
डाव्या हातात डॉक्टरांनी दोन शिरा जोडल्या
तेव्हापासून हात रात्रंदिवस घुमतो,
माजघरात भुंगा शिरल्यासारखा.
यादीत माझा नंबर आहे. तो विचारायचं मी सोडलं.

शेजारच्या खाटेवरचे पेडणेकर मास्तर पेपर वाचून दाखवतात:
काही देशांत म्हणे कायदाच उलटा.
जिवंतपणी ज्यानं नाही म्हटलं नाही
त्याचं हो धरतात.
"आपल्याकडे असता तर, गुरवानु,
आपण आता घरी असतो. तांब्याभर पाणी पीत. अख्खा तांब्या."
मी हसलो. मग चार तास
पंख्याकडे बघत तेच चघळत राहिलो.

चाळीस वर्षं पाषाणाला पाकळ्या लावतोय.
उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको.
आणि एकही पडली नाही तर
थांबायचं, पुन्हा गाऱ्हाणं घालायचं.
लग्नं थांबली आहेत त्यासाठी, होड्या थांबल्या आहेत.
न पडलेल्या पाकळीला हो म्हणावं
असं बापानं शिकवलं नाही.

बुधवारी तिन्हीसांजेला दाजी तारी आला,
चपलांसकट दोन पायऱ्या चढला, मग आठवून उतरला.
प्रणित, त्याचा पुतण्या. हायवेवर, झारापच्या वळणाला.
आता बांबोळीत. छाती हलते ती मशीनची,
डोकं संपलंय, डॉक्टरांनी दोनदा तपासलं.
"ते इचारतत, देतास काय म्हणान.
किडनी, लिवर, हार्ट. सकाळपर्यंत सांगा म्हणतत.
पोरान कदी काय सांगूक नाय.
नाय म्हणानय सांगूक नाय.
वयनी म्हणता, देवीक इचार."

कोणाला सांगू,
पाकळीला पाणी किती लावायचं ते माझ्या बोटाला कळतं.
कमी लावलं की लवकर सुटते.
उजवीला कमी लावणं म्हणजे
नखाएवढं काम.
त्यातलं माझ्याकडे काही येणार नव्हतं,
यादी लांब, राज्यही दुसरं;
पण कुठेतरी कुणाचा तरी मंगळवार सुटला असता.
हात घुमत होता.
दोन्हीला सारखंच पाणी लावलं.

समईतलं तेल सरेपर्यंत बसलो.

"मगे?" दाजी म्हणाला.
"ती बोलणा नाय. आता तुमीच बोलूक व्हया."
तो पायरीवर बसला, फोन उलटा धरून.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
रापण ओढताना पोरगा वाटा घालायचा
दोरीला नुसता हात लावलेल्यालाही.
एकदा कुणा पाहुण्याच्या चार वर्षांच्या मुलीला
पाच बांगडे दिले, तेव्हा आपण शिव्या घातल्या.
मग नंबर लावला, आणि माडांमागे अंधारात गेला.
काय बोलणं झालं, मी ऐकलं नाही.

सकाळी गाभारा झाडायला गेलो
तर दोन्ही पाकळ्या खाली.
आधी कुठली, ते बघायला कोणी नव्हतं.
निर्माल्यात टाकल्या.

शुक्रवारी मास्तरांनी विचारलं, काय नवीन?
काही नाही म्हटलं.
बायकोला मात्र आदल्या रात्री सांगून ठेवलंय,
तोंडानं, दोनदा:
बाकी माझं कामाचं नाही, डोळे घ्या.
ती म्हणाली, जेवताना असलं बोलतात?
म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं.