धुणावळ

दाऊइनच्या काळ्या वाळूवर, समुद्राकडे तोंड करून
डायव्हिंग शिकवणारी तीन दुकानं.
तिन्हींचे वेटसूट मीच धुते. अकरा वर्षं झाली.
माणसं कुठवर खाली जाऊन आली, मला ठाऊक नसतं;
घाबरली होती की नाही, ते वासावरून कळतं.
आधी नाक मुरडायची,
आता फक्त व्हिनेगर जास्त घालते.

यंदा धुणावळ साठली, अठरा हजार पेसो.
लेक म्हणाली, फ्रिज घे.
मी म्हटलं, कोर्स करीन.
ती हसली. मी हसत नाहीय हे पाहून थांबली.

पहिल्या दुकानाचा फलक झगमगीत:
तीन दिवसांत पाणबुडे व्हा.
काउंटरमागचा बेनेडिक्टो म्हणाला,
"मावशी, आमचं कार्ड जगभर चालतं."
जगभर कुठे जायचंय मला?
मला इथेच जायचंय, घरासमोर,
नारळाच्या सावलीपासून चाळीस पावलं
आणि मग खाली.
शिवाय त्यांच्या रेग्युलेटरचं रबर मी रोज विसळते,
लोकांनी चावून चावून भोकं पाडलेलं,
तरी बदलत नाहीत.
शितावरून भाताची परीक्षा.

दुसरं दुकान लख्ख. मालक जर्मन, सगळं मोजूनमापून.
पुस्तक इंग्रजी, व्हिडिओ इंग्रजी, परीक्षाही.
आठ जणांचा गट आधीच भरलेला.
"तुम्ही शेवटी राहा, चालेल," म्हणाला.
आठांच्या मागे नववी.
तशीच तर जगत आलेय,
त्याचे वेगळे पैसे कशाला मोजू?

तिसरं पत्र्याचं, चिंचोळं,
बाहेर दोरीवर चारच सूट.
मी जोविताला फी विचारली
तर तीच मला विचारत बसली:
कान कधी फुटला होता का?
छातीत कफ?
पोहता येतं,
की नुसतं बुडता येत नाही?

मग मी माझा प्रश्न काढला.
तोच, तिन्हीकडे विचारलेला:
वर यायला किती वेळ घ्यायचा?
बेनेडिक्टो म्हणाला होता, ते शिकवतीलच.
जर्मनानं आकडा सांगितला, घड्याळ बघत. आकडा बरोबर असेल.
जोवितानं पेन खाली ठेवलं.
"तुमचं कोण गेलं?"

गेलं नाही कोणी.
घरी आहे. खुर्चीत.

एरास्मो कॉम्प्रेसरवर जायचा मासे मारायला.
दातांत पिवळी नळी, कमरेला शिसं,
वर बोटीत धडधडणारं, टायरात हवा भरायचं यंत्र.
कोर्स नाही, कार्ड नाही.
एका संध्याकाळी यंत्र बंद पडलं
आणि तो चाळीस मीटरवरून एका दमात वर आला.
दम नव्हताच, तरी.
पाय मात्र खालीच राहिले.
असं मी म्हणते. डॉक्टर वेगळं काहीतरी म्हणतात.

जोविताचा फॉर्म त्याच्या मांडीवर ठेवला.
मांडीला कळलं नाही, बोटांना कळलं.
शिक्षण? चौथी.
व्यवसाय? लिही, धुणं.
यापूर्वी पाण्याखाली गेला आहात का?
त्या ओळीवर तो बराच वेळ होता.

मग म्हणाला,
"सगळ्यात बारीक बुडबुडा धरायचा नजरेत.
त्याच्या पुढे जायचं नाही.
त्याला घाई असते, जाऊ दे त्याला."

मी म्हटलं, हे पुस्तकात असेलच की.
"असेल," तो म्हणाला.
"आम्हाला पुस्तक कोणी दिलं?"

सोमवारी पहिला वर्ग.
रविवारी जोविताचे सूट आले, नेहमीसारखे.
त्यात एक आखूड, कोपराला ठिगळ लावलेला,
गळ्याशी खडूनं माझं नाव: एपिफानिया.
स्पेलिंग चुकलेलं.
उलटा करून वाळत घातला.

उद्या तो मीच ओला करणार,
आणि घाबरणार, हे उघड आहे.
त्याची धुणावळ कोणाकडे मागायची
ते अजून ठरलेलं नाही.