सत्तेचाळीस नंबरची पिशवी

अनेरच्या कोरड्या पात्रात उतरताना
पहिला नियम: अंगठ्या काढा.
माझी, ड्रायव्हरची, डबा आणणाऱ्या यमुनाबाईंची फुलीसुद्धा.
सोनं शोधायला जाताना
अंगावर सोनं चालत नाही.
उखर्डू हसला. त्याच्याकडे काढायला काही नव्हतं.

दोनशे मीटरवर एक खुंटी.
वरची वाळू वाऱ्याची, कुठूनही आलेली,
तिची साक्ष धरायची नाही.
कोपरभर खणायचं, तांबूस थर लागेपर्यंत,
मग चाळायचं, मैद्यासारखं,
किलोभर पिशवीत,
पिशवीवर नंबर, नंबर वहीत,
वही शर्टाच्या आत.
वारूळ दिसलं तर त्याचीही चिमूट,
वाळवी फार खालची माती वर आणते.
उखर्डू आधी हात जोडायचा, मग खुरपं लावायचा.

'सोनं शे का आठे?'
म्हटलं, असलंच तर अब्जात दोन-तीन कण.
'मंग ते सोनं नही, अफवा शे.'

सहाव्या दिवशी आमची चाळणी फाटली.
त्यानं घरची आणली, पितळी कडेची, जुनी.
मी विचारलं नाही कुणाची.

महिन्यानं प्रयोगशाळेचा कागद आला.
शून्य, शून्य, मोजता न येण्याइतकं,
आणि सत्तेचाळीसला एकदम एकशे चाळीस!
अठ्ठेचाळीसला वीस.
पुढं पुन्हा काही नाही.
रात्रभर झोप नाही.
परत गेलो, त्याच खुंटीच्या चारी अंगांनी खणलं.
नुसती वाळू.

तेव्हा उखर्डू बोलला, खाली बघत.
बाप जळगावात झारेकरी.
उजाडायच्या आत सराफ्याची गल्ली झाडायचा,
गटारीचा गाळ, भट्टीची राख,
कारागिरांच्या पायपुसण्यातला धुरळा,
धुऊन, धुऊन
कधी तांदळाच्या कणीएवढं, कधी तेही नाही.
चाळणी त्याची.
आधीची तीन पोरं गेली
म्हणून याला जन्मताच उकिरड्यावर ठेवलं,
कुणाची नजर पडू नये असं नाव दिलं.

मी वहीत सत्तेचाळीससमोर लिहिलं: दूषित.
दुसरा शब्द नमुन्याच्या तक्त्यात नाही.
'काय लिखं?'
म्हटलं, बाहेरचं सोनं.

त्यानं चाळणी पालथी करून
तळहातावर दोनदा आपटली.
बघत राहिला.
दिसण्यासारखं काही नव्हतं.
तरी हात झटकला नाही,
मूठ मिटली
आणि तशीच खिशात घातली.