ऐनवेळचा विषय

कोरमअभावी तहकूब झालेली सभा
अर्ध्या तासानं त्याच पारावर पुन्हा भरली.
माणसं तीच, सतरंजी तीच,
फक्त उन्हानं जागा बदलली होती.

मी ग्रामसेवक. प्रोसिडिंग माझ्या हातात.
विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचलं. कायम केलं.
दोन, तीन, चार असेच गेले,
पाटातलं पाणी जावं तसे, कुणाचा पाय न भिजवता.

स्काउटची सात लेकरं आली होती
पाणी द्यायला, चपला ओळीत लावायला.
देवकते सरांनी धाडलेली; सर स्वतः मतदार यादीच्या ड्युटीवर.
गळ्यात स्कार्फ. एकाचा वॉगल हरवलेला,
तिथं सायकलच्या ट्यूबचं रबर.

ऐनवेळचे विषय, मी वाचलं, अध्यक्षांच्या परवानगीने,
आणि पेनाला टोपण लावायलाच घेतलं
तर तांब्या खाली ठेवून उभी राहिली
गंगासागर कच्छवे, इयत्ता आठवी, संघनायक.
“आमचा एक आहे,” म्हणाली.

कुणीतरी हसलं.
तिनं ड्रॉइंगचा कागद उलगडला.
आमचंच गाव होतं, पावलांनी मोजलेलं :
मुदस्सिरची शंभर पावलं म्हणजे बासष्ट मीटर,
कोपऱ्यात लिहून ठेवलेलं.
उत्तरेचा बाण जरा पूर्वेला कललेला.
आणि खांबांच्या जागी टिकल्या.
लाल म्हणजे बंद, पिवळी म्हणजे चालू.
कुणाच्या तरी आईचं पाकीट संपलं असणार.

“सर, तुमच्या फळ्यावर बेचाळीस दिवे लिहिलेत.
आम्ही तीन रात्री फिरलो. जळतात एकोणीस.
खांब एक्केचाळीस.
बेचाळिसावा सापडला नाही.
होकायंत्र घेऊन गेल्तो.”

होकायंत्र घेऊन.

सरपंच इंदुबाई, ज्यांच्या वतीनं एरवी
शेजारची खुर्ची बोलते,
पुढं वाकल्या. “माझ्या दारचा कोणता गं?”
“सतरा नंबर.”
“लाल का पिवळा?”
“तुमाला म्हाईत नाई का, काकू?”

चार्ज घेताना बेचाळीसवर सही माझीच आहे.
माझ्या आधीच्यानं त्याच्या आधीच्याकडून घेतले,
मी त्याच्याकडून. मोजून कोण घेतं?
दोन कपाटं, एक पंखा, तीन शिक्के, बेचाळीस दिवे.
चार वर्षं या गावात
मी मान वर केली ती फक्त ढग बघायला.

मग तिनं सातशे चाळीस रुपये टेबलावर ठेवले.
खरी कमाई. जिंतूरच्या बाजारात मोटारसायकली पुसल्या,
सोयाबीनची पोती शिवली, दोघांनी चिवडा विकला.
“यात किती बल्ब येतात बघा. आन् पावती द्या.”

“पावती कामून?” खुर्ची बोलली.
“पैसे दिले की घ्यायची असते.”

पावतीपुस्तक होतं. कार्बन होता.
घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, इतर :
सगळे रकाने दोनदा वाचले.
मागणाऱ्यानंच भरलेल्या पैशाला रकाना नव्हता.
दिवाबत्तीच्या ओळीवर लिहिलं, स्काउट पथक,
अक्षरी रुपये सातशे चाळीस फक्त.
‘फक्त’ लिहिताना पेन थोडा अडला.

एरवी मी लिहितो : सविस्तर चर्चा झाली.
त्या दिवशी एकोणीस लिहिलं. एक्केचाळीस लिहिलं.
ठराव : खांब क्रमांक ४२ चा शोध घेणे.
सूचक वैजनाथअप्पा, त्यांना तसंही रात्रीचं दिसत नाही;
अनुमोदक मिळायला वेळ लागला.

पोरं चपला परत देत होती, ज्याची त्याला.
गंगासागरच्या स्कार्फच्या टोकाला एक गाठ दिसली.
सकाळी मारायची, दिवसभरात एक सत्कृत्य झालं
की सोडायची, असं असतं म्हणे त्यांच्यात.
मी म्हणालो, झालं की गं. सोड आता.

तिनं कागदाची घडी घातली, हळू,
टिकल्या गळू नयेत म्हणून.
“आज नाई, सर. आधी दिवा लागू द्या.”