डाव्या अंगाला

शिवलीला गोठ्यात बसून पाठ करती.
घरात टीव्ही, माडीवर भाडेकरू,
हितं नुसती रवंथ.
रोजचे पंधरा शब्द.
वहीच्या डाव्या अंगाला इंग्रजी, उजव्या अंगाला मराठी,
आणि ते मराठीबी मला कळंना :
एफेमरल म्हंजे क्षणभंगुर.
म्हटलं, पोरी, ही तर दोन्ही इंग्रजीच की!

मग ती फोडून सांगती,
आणि मी वैरण टाकता टाकता
एकेक शब्द दाव्याला बांधतो.

ऑब्स्टिनेट : आमची मोरनी.
रस्त्यात बसली की केएमटीचा ड्रायव्हर
हॉर्न वाजवून वाजवून शेवटी तंबाखू मळतो.
लोक्वेशस : मेव्हणा सिद्राम.
फ्रुगल : हिची आई,
साबणाची चिप नव्या वडीला चिकटवणारी.
आणि मी गं?
तिनं पानं चाळली, लई वेळ.
"तुमचा शब्द अजून यायचाय, आप्पा."

पाडव्याला मोरनीच्या अंगावर
केस भादरून अक्षरं काढायची हुती.
तालमीतली पोरं म्हणाली, नाद खुळा काढू?
मी वहीचं पान पुढं केलं.
अख्खी गल्ली ऑ ब स्टि करत अक्षरं लावाय लागली,
आणि म्हस, शब्दाला जागून,
हलगी वाजली तरी जाग्यावरनं हलंना.

सांजेला गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
धार काढली, फेसासकट ग्लास पोरीच्या हातात दिला.
धारोष्ण.
ह्याला काय म्हणत्यात तुमच्यात?
"थांबा, मी बघतो," म्हणाली,
आणि एका हातानं मोबाईल, एका हातानं वही.
फ्रेश. वॉर्म. अजून कायतरी लांबलचक.
"एका शब्दात न्हाई बसत, आप्पा."
फेस बसत चालला हुता.
पी आधी, म्हटलं, एफेमरल हाय त्यो.
तिला ठसका लागला. दूध नाकातनं.
गिऱ्हाइकं बघाय लागली.

परीक्षा रविवारी, सेंटर सांगलीचं.
शनवारी रात्री ती झोपल्यावर
चष्मा लावून वही उघडली.
शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत,
उजव्या अंगाला : धारोष्ण.
डाव्या अंगाला जागा मोकळी,
पट्टीनं रेघ मारून ठेवलेली.