शिरसागर यांच्या नावावर

आठ वाजता छापखान्याचं शटर पडतं नारायण पेठेत.
मी कसब्यातून चालत गाडीतळाकडे उतरतो,
घराच्या उलट्या दिशेला,
जिथे मला कुणी सर म्हणत नाही.

परमिट रूम, हॉटेल सुवर्णा.
दारावर : ‘बाहेरील पदार्थ आणु नये’.
मोरीच्या भिंतीवर : ‘उलटि केल्यास दंड रु. १००’.
मेनूकार्डात शेंगदाना मसाला, काकडी कोशींबीर,
आणि ‘अडा बॉइल’वर तेलाचा एक ठिपका
जो मी पहिल्या दिवशी अनुस्वार समजलो.

दिवसभर दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ सावरून
डोळ्यांत वाळू येते.
अकरा वर्षं झाली,
इथल्या एकाही चुकीला मी हात लावलेला नाही.
खिशात लाल पेन असतं. ते टोपणासकट झोपतं.

बुधवारी आणि रविवारी गर्दी.
जुना बाजार उठला की गफूर येतो,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कुलूप एकाचंही नाही.
येमूल येतो, न विकलेला टेबलफॅन
शेजारच्या खुर्चीत बसवतो
आणि त्याच्यापुढे शेंगदाण्यांची वाटी सरकवतो.
परवा कुणी एक ढाल आणली,
कॅरम, द्वितीय क्रमांक, १९८१,
आणि तिघांत जुंपली, पहिला कोण आला असेल.
तुकाप्पा वेटर मध्ये पडला नाही.
त्याचं म्हणणं, दुसऱ्या पेगपर्यंत भांडण हा चखणाच.

सहस्रबुद्धे कोपऱ्यात बसायचे, कूलरच्या ओल्या वाऱ्यात.
एक नाइन्टी, दोन अंडी.
पांढरं स्वतःला,
बलक दाराशी बसलेल्या बोक्याला.
आमची ओळख मान हलवण्याइतकी.
त्यापुढे आमचं व्याकरण गेलं नाही.
आषाढात यायचे थांबले.

गणपती उठले त्या आठवड्यात एक बाई आल्या,
तोंडावरचा स्कार्फ सोडत सोडत.
सगळे आवाज खाली बसले.
येमूलने पंख्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“बाबांची काही बाकी?”
गल्ल्यावरचा पुजारी म्हणाला, काही नाही ताई.
“वही दाखवा.”

वहीत होती. तीनशे चाळीस.
वर नाव : सहस्त्रबुद्दे काका.
त्या बराच वेळ वाचत राहिल्या,
एका ओळीत वाचण्यासारखं असतं किती?
मग पर्समधून पेन काढलं.
‘त’ काढून टाकला. ‘द्द’ला ‘द्ध’ केलं.
पैसे मोजले. म्हणाल्या, पावती?
पावतीपुस्तक कुठलं,
पुजारीने सिगरेटच्या पाकिटावर लिहून दिली.

जाताना तुकाप्पाला विचारलं,
“काय खायचे?”
“अंडी. पिवळं सोडून.”
“घरी तर,” त्या म्हणाल्या,
आणि वाक्य तिथेच ठेवून
स्कूटर सुरू केली.

दुरुस्ती बरोबर होती, मी पाहिली.
सहस्रात ‘त’ नसतो,
हे मी निम्म्या पुण्याला शिकवलंय.
पण ‘त’वाले काका इथे तासभर बसायचे,
बिनधास्त,
आणि नऊ वाजता बिन-‘त’चे उठून घरी जायचे.
आता वहीत ते एकटेच शुद्ध,
आजूबाजूला गफुर, येमुल, लोंडे कंडक्टर.

बोका त्या टेबलाखाली अजून येतो.
तुकाप्पा त्याला माझ्या अंड्यातलं देतो, न विचारता.

काल वही माझ्यासमोर आली.
त्या दिवसापासून पुजारी जरा बिचकलाय,
प्रत्येकाला विचारतो,
“साहेब, नाव बघून घ्या. बरोबर आहे ना?”

‘शिरसागर’, निळ्या शाईत.
आजोबांनी सांगितलेला तो दुधाचा समुद्र
एका अक्षराने आटलेला.

खिशातलं पेन थोडं हललं असेल, किंवा माझा हात.

बरोबर आहे, म्हणालो.
लिहा त्याच्याखाली,
अजून एक नाइन्टी,
आणि अंडी दोन.