काठावरची नोंद

गार्खिंगच्या शेतांपलीकडे, जिथे बस अर्ध्या तासाने येते,
फेब्रुवारीत पाचलाच अंधारून येतं.
नियंत्रण कक्षात रोसविथा हासलिंगर
पेन्सिलीला टोक काढते. आजचा सतरावा प्रयोग.
पडद्यांच्या या खोलीत कागदाची वही फक्त तिचीच.

आकडे उलटे मोजले जातात. भिंतीपलीकडे
पोलादी कड्याच्या पोटात चिमूटभर वायू पेटतो:
सूर्याच्या गाभ्याहून तापलेला,
वजन म्हणाल तर मोहरीच्या दाण्याएवढं.
कुठेही टेकलेला नाही. चुंबकांनी त्याला
हात न लावता धरलंय,
रडवेल्या मुलाला नुसत्या नजरेनं धरावं तसं.

पहिलं सेकंद गोंधळाचं.
काठाशी भोवरे, भोवऱ्यांच्या पोटी भोवरे,
ऊब फाटक्या दुलईतून जावी तशी जाते.
आणखी शक्ती ओता, आणखी गळते.
बेनेडिक्ट, नवा विद्यार्थी, ओठ चावतो.
"थांब," रोसविथा म्हणते. "उंबरठा यायचाय."

आणि काठावरचा गुलाबी उजेड
एकदम मिटतो.
कुणी दिवा घालवलेला नाही.
शेजारशेजारच्या थरांनी वेगवेगळ्या वेगानं धावत
भोवरे ताणले, फाडले,
आणि दोन बोटं रुंदीचा काठ उभा राहिला,
तापल्या दुधावर साय धरावी इतका अलगद.
त्याच्या आत उष्णता चढत गेली, कड्यासारखी सरळ.

"गाभ्याला तर आपण हातही लावला नाही!"
नाही लावला. विणकराला विचार,
वस्त्र कुठून उसवतं.

मागे कुणीतरी टाळी वाजवली.
रोसविथानं नाही. ती कान देऊन बसलेली.
"फार शांत आहे," म्हणाली.

असा काठ दोन्हीकडून बंद असतो.
भिंतीवरून सुटलेले टंगस्टनचे कण आत शिरतात,
मग त्यांना बाहेरची वाट सापडत नाही.
मधोमध जाऊन बसतात,
आतली ऊब उजेड करून उधळत राहतात.
तिसऱ्या सेकंदाला गाभा विझू लागला.
चौथ्याला काही उरलं नाही.

वीस मिनिटांची उसंत. कॉफीच्या यंत्राशी रांग.
वडील गेले तेव्हा फ्रायझिंगच्या घरात तिची आई
सात महिने एकदाही रडली नव्हती.
पडदे धुतले, जिना घासला, काचा लख्ख.
काय धीराची बाई, शेजारीण म्हणायची.
आठव्या महिन्यात तिनं बोलणंच सोडलं.
हे रोसविथानं बेनेडिक्टला सांगितलं नाही.
कप विसळता विसळता एवढंच:
"उतू जाऊ द्यायला हवं. थोडं थोडं."

अठरावा.
या वेळी गोठवलेल्या ड्युटेरियमचे दाणे
काठावर तीळ फेकावेत तसे फेकायचे.
साय धरते. उजेड मिटतो.
मग टप्. टप्. टप्.
पडद्यावर रेघांचा कंगवा उमटतो:
काठ जरा उसवतो, जरा सांडतो, पुन्हा सांधतो.
एकच मोठी उकळी आली असती
तर तळाच्या फरशा होरपळल्या असत्या.
ही एवढी भिंत सोसते.
पाच सेकंद. सहा. बेनेडिक्ट श्वास सोडायला विसरलाय.

शेऱ्याच्या रकान्यात ती आधी लिहिते, शांत.
खोडते.
बाहेर, झाडांपलीकडच्या अंधारात, इसारच्या कडेला
बर्फ धरलं असेल, मधूनच तडकत असेल,
खालून पाणी चाललेलं.
"गळतंय," ती लिहिते,
"हवं तेवढं."